एक मीटर चाळीस, अलीकडे

४ फेब्रुवारी

तीर्थरूप मामास,

मोठ्यांना पत्र असंच सुरू करतात म्हणे. आईने सांगितलं, मी केलं. तुझ्या साइटवर मोबाइलला रेंज नाही आणि तिकडे जाणारा ट्रक दर गुरुवारीच सुटतो, तेव्हा आता सिमेंटच्या पोत्यांवर बसून माझीही पत्रं येत जातील. धूळ झटकून वाच.

सोबत तुमच्या पादचारी पुलाचं ड्रॉइंग आहे. हो, मीच काढलंय. ऑफिसात लागून पाच महिने झाले नाहीत तोवर साहेबांनी अख्खा पूल माझ्या हाती दिला. खांब तीनच आहेत, पण लगेच हसू नकोस.

कोपऱ्यात एक तक्ता आहे. त्यात तिन्ही खांबांच्या मध्यबिंदूंचे निर्देशक दिलेत. शाळेत आलेखाच्या कागदावर टिंबं द्यायचो ना, आडवा आकडा आणि उभा आकडा, तेच हे. शून्य म्हणजे अलीकडच्या काठावरचा तुमचा रंगवलेला दगड. तिथून नदीच्या दिशेने इतके मीटर, बाजूला इतके. मोजणीचं यंत्र दगडावर उभं कर, आकडे टाक, खुंटी कुठे ठोकायची ते तेच सांगेल. दोरी, ओळंबा आणि ‘मला तीस वर्षांचा अनुभव आहे’ ही तुझी तिन्ही हत्यारं पेटीत राहिली तरी चालतील.

तुला गंमत सांगते. कॅडला, म्हणजे आमच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला, बिंदू दोन तऱ्हांनी सांगता येतो. नुसते आकडे टाकले, तर ते शून्यापासून मोजतं. आकड्यांआधी ते शेपटीवालं ‘ॲट’चं चिन्ह टाकलं, तर आपण शेवटी जिथे होतो तिथून. पहिल्या आठवड्यात मी ते चिन्ह विसरले आणि एका बंगल्याचं न्हाणीघर रस्त्यापलीकडे गेलं. साहेब म्हणाले, ‘मालकांना टॉवेल घेऊन सिग्नलला थांबावं लागेल.’ आता विसरत नाही.

खुंट्या ठोकल्या की कळव.

तुझी टाचणी


७ फेब्रुवारी

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद. त्यातले काही तुझ्या कॉम्प्युटरला दे.

ड्रॉइंग मिळालं. फार सुरेख आहे. नदीसुद्धा अशी सरळ काढलीयस की नदीने बघितलं तर लाजेल. तक्त्यातले आकडे मात्र मुंग्यांच्या अंगठ्याएवढे. कागद वाचवायचा हुकूम आहे का तुमच्याकडे?

आज सकाळी तिन्ही खुंट्या ठोकल्या. यंत्राने नव्हे. ते छत्रीखाली पाटावर बसलेल्या नवरदेवासारखं आहे, सगळ्यांनी त्याच्याभोवती फिरायचं आणि त्याने एक आकडा बोलायचा. मी आपली टेप काढली. मुकादम एका टोकाला, मी एका टोकाला. माणूस भला आहे, सांगाल तेवढंच करतो आणि तेवढं चोख करतो. ऑफिसात असा एखादा ठेवा.

काही अडचण नाही. तुझा पूल बरोबर आहे. पुढच्या आठवड्यात पलीकडच्या काठाचा खड्डा खणायला घेतो.

ताईला सांग, मी जेवतो वेळेवर.

मामा

ता. क. अक्षर मोठं आलंय ते तुझ्यासाठी. तुम्ही लोक आजकाल हाताचं अक्षर वाचायला विसरलात.


११ फेब्रुवारी

ती. मामा,

आशीर्वाद कॉम्प्युटरला दिले. त्याने ‘आदेश ओळखता आला नाही’ असं उत्तर दिलं.

ड्रॉइंगची नवी प्रत पाठवतेय. काही विशेष नाही. समासात पेन्सिलीने एक किरकोळ सुधारणा लिहिलीय, तेवढी करून घे. शेरे मारायची गरज नाही, आणि साहेबांना उगाच पत्र वगैरे लिहू नकोस, ते सध्या मोठ्या कामात आहेत.

तू यंत्र वापरत नाहीस हे वाचून साहेब काय म्हणतील याचा विचार केला आणि पत्र त्यांना दाखवलंच नाही. उपकार मान. आई विचारत होती, तुझं अक्षर एवढं मोठं का झालंय. मी म्हटलं, अहंकार वाढला की अक्षरही वाढतं.

टाचणी


२८ फेब्रुवारी

टाचणे,

दोन आठवडे पत्र नाही म्हणून तू सुटकेचा निःश्वास टाकला असशील. आता परत आत घे.

बारा तारखेपासून मी साइटवर नव्हतो. कुठे होतो ते पुढे कधीतरी. परवा परतलो, तर नदीकाठी जत्रा. गर्डर घेऊन ट्रॉली आलेली, क्रेन आलेली, खुद्द तुझे साहेब पांढरे बूट घालून चिखलात आलेले. पलीकडच्या खांबाचा पाया ओतून आठवडा झालेला, वर गुडघाभर काँक्रीट चढलेलं. साहेबांनी यंत्र लावलं. मधल्या खांबापासून पलीकडच्यापर्यंत चोवीस मीटर हवेत. भरले बावीस साठ. गर्डर चोवीसचे, कारखान्यातून बनून आलेले, रबराचे नव्हेत. शिवाय पाया पुढे सरकून पार पाण्याला टेकलाय. पहिल्या पुरात नदी तो उकरून टाकेल.

साहेबांनी विचारलं, ‘खुंटी कुणी हलवली?’

मुकादम पुढे आला. म्हणाला, ‘मी हलवली. कागदावर लिहिलं होतं.’

‘कागदावर काय हवं ते लिहिलेलं असतं. आधी कुठे आहे ते बघायचं नाही?’

‘मला बघायला नाही सांगितलं. हलवायला सांगितलं.’

एवढं बोलला आणि तिथेच त्याचं काम गेलं. साइटच्या रजिस्टरात साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘मुकादमाचा निष्काळजीपणा.’ सोळा वर्षं खांब उभे करतोय तो माणूस. बावीस मजूर बघत होते. तो होडीत बसला आणि गेला.

आता सांग, समासातली ती पेन्सिल कुणाची? ‘पलीकडची खुंटी १.४० अलीकडे घ्या.’ किरकोळ सुधारणा म्हणतात तुमच्याकडे याला?

मामा


४ मार्च

ती. मामा,

तुझं पत्र यायच्या आधीच साहेबांनी ऑफिसात सगळ्यांसमोर गोष्ट सांगितली. ‘मुकादमाला मोजता येत नाही’ या वाक्यावर सगळे हसले. मीही हसले. हे तुला सांगायला नको होतं, पण सांगितलं.

पेन्सिल माझी. आणि माझं गणित बरोबर आहे. तक्त्यात पलीकडचा खांब ५५.७५ वर पडला होता, हवा होता ५४.३५ वर. फरक एक मीटर चाळीस. म्हणून अलीकडे घ्या म्हटलं. दहा तारखेला गर्डरच्या कारखान्यातून फोन आला, ‘बाई, गर्डर चोवीसचे करायचे की पंचवीस चाळीसचे?’ तेव्हा कळलं.

चूक कशी झाली तेही ऐक. पहिल्या दोन खांबांचे आकडे मी जेवणाआधी उतरवले. मग साहेब म्हणाले, ‘ड्रॉइंग चौकटीला डावीकडे भिडतंय, थोडं उजवीकडे घे.’ कागदावर चौदा मिलिमीटर, म्हणजे शंभरास एक या प्रमाणाने जागेवर एक मीटर चाळीस. मी सगळं निवडलं आणि उजवीकडे ओढलं. खांब, काठ, नदी, सगळं. शून्य तेवढं जागच्या जागी. माउसच्या एका ओढीत नदी एक मीटर चाळीस सरकवणारी या घराण्यात मीच पहिली. तिसऱ्या खांबाचा आकडा जेवणानंतर उतरवला. दोन ओळींची वजाबाकी केली असती तर दिसलं असतं. केली नाही. कॉम्प्युटरने दिलेल्या आकड्यांची वजाबाकी कोण करतं?

तक्ता बदलून दिला असता तर साहेबांची सही पुन्हा घ्यावी लागली असती आणि त्यांनी कारण विचारलं असतं. म्हणून पेन्सिल.

पण हे सगळं मान्य करूनही हिशोब जुळत नाही. खुंटी ५५.७५ वर होती, १.४० अलीकडे घेतली तर ५४.३५ वरच येणार. ५२.९५ वर कशी गेली? मुकादमाने दोनदा हलवली असणार. तुझा तो चोख माणूस. तू तर होतास ना ठोकताना? ५५.७५ वरच ठोकली होतीस ना?

टाचणी


७ मार्च

टाचणी,

नाही.

सात फेब्रुवारीला मी तुझ्या आकड्यावर टेप धरली आणि मधल्या खांबापासून पंचवीस चाळीस भरले. गर्डर चोवीसचे हे मला ठाऊक होतं. तुझी चूक मला जागेवरच दिसली. मी चोवीसला खुंटी ठोकली आणि तुला लिहिलं, ‘तुझा पूल बरोबर आहे.’ पाच महिने झालेत नोकरीला, पहिलंच काम, कशाला कुणाला कळायला हवं, असं वाटलं. मुकादमालाही बोललो नाही. तो टेपचं टोक धरून होता, त्याला मी आकडा सांगितला, का ते सांगितलं नाही.

म्हणजे खुंटी बरोबर जागी होती. तू तिला १.४० हलवायला सांगितलंस, आणि ती हलली.

मी असतो तर थांबवलं असतं. मी डोळ्याच्या ऑपरेशनला गेलो होतो. मोतीबिंदू. ताईला सांगितलं नाही, कारण ती निघून आली असती. तुला सांगितलं नाही, कारण वर्षभर मला यंत्राच्या पडद्यावरचे आकडे दिसत नव्हते आणि मी ‘टेपच बरी’ म्हणत ऐट मिरवत होतो. टेपवरचे आकडे ठळक असतात. तुझ्या त्या दोन तऱ्हांपैकी कुठली कुठे वापरायची ते तू मला शिकवलंस, आणि आपण दोघांनी मिळून नेमकी उलटी वापरली. दगडाच्या शून्यापासून सांगायचं तिथे ‘आहे तिथून’ सांगितलं.

डॉक्टरांनी दोन आठवडे वाकायचं नाही सांगितलं होतं. परतलो त्या दिवशी साहेब मुकादमाला बोलत असताना मी दहा हातांवर उभा होतो. मला तेव्हाच सगळं कळलं होतं. मी तोंड उघडलं नाही. मनात म्हटलं, आधी तुला विचारू. हे कारण खोटं आहे. मला भीती वाटली.

मामा


११ मार्च

ती. मामा,

सोमवारी पत्र मिळालं. काल साहेबांच्या केबिनमध्ये गेले. तुझं पत्र, तू त्यासोबत परत पाठवलेली माझी पेन्सिलवाली प्रत आणि तो तक्ता, तिन्ही टेबलावर ठेवले. ते बराच वेळ वाचत होते. मग चष्मा काढून म्हणाले, ‘म्हणजे भाचीने चूक केली, मामाने झाकली. मग भाचीने झाकून दुरुस्त केली. घरात बोलायची पद्धत नाही का तुमच्या?’

मी म्हटलं, ‘आहे. टोमणे मारायची आहे.’

ते हसले नाहीत. म्हणाले, ‘त्या तक्त्यावर सही माझी आहे. वजाबाकी मीही केली नाही.’ मग खिडकीबाहेर बघत राहिले. माणूस चूक कबूल करताना खिडकी का शोधतो कुणास ठाऊक. मला पुलाच्या कामावरून काढून पार्किंगच्या रेघा मारायला बसवलंय. एक गाडी, दुसरी गाडी, तिसरी गाडी, सगळ्या सारख्या. नोकरी आहे. मुकादमाला परत बोलावणारं पत्र याच ट्रकने येतंय, आणि रजिस्टरातला शेरा खोडायचा हुकूमही.

आईला तुझ्या डोळ्याबद्दल सांगितलं. ती दोन दिवस तुझ्यावर ओरडतेय. तू इथे नसल्याने ऐकतेय मी.

टाचणी


१४ मार्च

टाचणी,

साहेबांचं पत्र घेऊन मी स्वतः होडीने पलीकडे गेलो. मुकादमाचं घर त्याच काठावर आहे, चढावर. तो एका शेजाऱ्याच्या गोठ्याची भिंत लिंपत होता. मी माझा भाग सगळा सांगितला. त्याने थापी खाली ठेवली नाही. शेवटी म्हणाला, ‘मामा, तुम्ही मला नुसतं म्हणाला असता, की खुंटी हलवलीय, तर तो कागद आल्यावर मी थांबलो असतो. मी काय तुमच्या भाचीची चहाडी करणार होतो?’

 डोळ्याने आता छान दिसू लागलंय, त्यामुळे त्याचा चेहरा अगदी स्वच्छ दिसला.

तो येत नाही म्हणतो. रजिस्टरातला शेरा खोडला हे सांगितलं, तर म्हणाला, ‘खोडलेलं अजून जास्त वाचतात लोक.’ मग हळूच म्हणाला, दहा वर्षांची मुलगी आहे, शाळेत कुणीतरी चिडवलं तिला. घरी येऊन तिने विचारलं, ‘बाबा, तुम्हाला मोजता येत नाही?’

पाया फोडायला सुरुवात झालीय. चार दिवस हातोडे चालतील. पलीकडे त्याच्या अंगणात आवाज जात असेल.

मामा


२१ मार्च

ती. मामा,

तू दुसरा डोळा दाखवायला शहरात आणि मी तुला भेटायला ट्रकमध्ये बसून इथे. नेम बघ आपला. ही चिठ्ठी तुझ्या टेबलावर ठेवून जातेय.

काल मुकादमाकडे गेले होते. रजिस्टरातलं ते पानच साहेबांकडून नव्याने लिहून आणलं. त्यात माझी चूक, तुझी चूक आणि साहेबांची सही, सगळं ओळीने आहे, आणि ‘मुकादमाने लेखी सूचनेप्रमाणे अचूक काम केले’ असं शेवटी. साहेब म्हणाले, ‘एवढं सविस्तर मी लग्नाच्या अर्जातही लिहिलं नव्हतं.’ पण लिहिलं.

मुकादमाने पान वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. मला बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. दारात त्याची मुलगी उभी होती, दप्तर पाठीला तसंच. मी तिच्यासमोर खाली बसले. म्हटलं, ‘तुझ्या बाबांना उत्तम मोजता येतं. एक मीटर चाळीस सांगितलं, तर त्यांनी एक मीटर चाळीसच मोजलं. कागद मी चुकीचा दिला होता.’

तिने मला नीट बघून घेतलं. विचारलं, ‘मग तुम्हाला काढलं का कामावरून?’

‘नाही.’

‘का?’

मामा, मला चार-पाच उत्तरं सुचली. मी शिकाऊ आहे, मी कबूल केलं, साहेबांचीही चूक होती, आता रेघा मारतेय ना पार्किंगच्या. एकही तिला सांगता येईना. तिचा बाप माझ्याकडे बघत होता, रागाने नव्हे, त्यालाही उत्तर ऐकायचं होतं बहुतेक. शेवटी मी म्हटलं, ‘माहीत नाही. काढायला हवं होतं, किंवा बाबांना काढायला नको होतं.’

ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी प्यायले. परतताना होडीपर्यंत मुकादम सोबत आला.  होडी सुटताना म्हणाला, ‘सोमवारी येतो. पण नवा तक्ता आधी मी वाचणार.’

टाचणी


११ एप्रिल

चि. टाचणीस,

मुकादम म्हणाला होता त्याच सोमवारी आला. नवा तक्ता हातात घेऊन दगडावर बसला आणि पाटीवर खडूने वजाबाकी केली, सगळ्यांसमोर, मोठ्याने. दोनदा. मग मला म्हणाला, ‘आता तुम्ही करा.’ मीही केली. मजूर हसत होते. हसू दिलं.

लाइनआउटचं, म्हणजे खुंट्यांच्या जागा आखायचं काम मी साहेबांना लिहून त्याच्याकडे सोपवलंय. यंत्र तोच चालवतो, तीन दिवसांत शिकला. त्याला म्हटलं, मी आता निवृत्त होतो. तो म्हणाला, ‘पूल उरकल्यावर व्हा, माणसं कमी आहेत.’ यंत्राचा आकडा तो टेपने ताडून बघतोच, आणि तेव्हा दगडावर टेपचं शून्याचं टोक मी धरतो. जरा हललं की नदीपलीकडून ओरडतो. परवा तर चांगलाच ओरडला. माझी चूक होती.

काल पलीकडचा गर्डर बसला. दोन्हीकडे बोटभर फट राहिली, जेवढी राहायला हवी तेवढीच. फळ्या अजून टाकायच्यात, कठडेही नाहीत, कुणाला चढू देत नाही. तरी संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्याची पोर काठावर येऊन उभी राहिली आणि बापाला हाक मारून विचारू लागली, किती दिवस अजून. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी तिला सांगितलं, बारा. तेरा लागतील असं वाटतंय, पण आता आकडा दिलाय.

मामा